बाबा, अननस आणि बिडाचा तवा

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासात. लॅपटॉप बॅगेत कोंबून तुम्ही खुर्चीतून उठता आणि तेवढ्यात टीम लीडचा आवाज येतो, ‘पाचच मिनिटं हं!’ ही पाच मिनिटं केवढी मोठी असतात, ते तुम्हाला सांगायला नको. कुठल्या तरी बिझनेस पार्कच्या सातव्या मजल्यावर तुम्हीही ती दर आठवड्याला भोगता. घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. आणि नेमकं त्याच वीकेण्डला कुणीतरी जेवायला येणार असतं. भाजी-पोळी डब्यावाल्या मावशींवर सोपवता येते. पण गोडाचं काय? परत तेच फॅमिली पॅक आइस्क्रीम?

आजची रेसिपी अशाच अडचणीच्या वेळेसाठी. तव्यावर भाजलेला अननस आणि त्यावर गारेगार आंब्याचं क्रीम. दिसायला एकदम फाइव्ह स्टार, करायला मॅगीपेक्षा थोडीशीच अवघड. ओव्हन नको, बार्बेक्यू नको, जिलेटिन नको. सगळं मिळून अर्धा तास, त्यातलं गॅससमोर उभं राहणं जेमतेम पंधरा मिनिटांचं.

पण मंडळी, ही रेसिपी मला फुकट मिळालेली नाही. तिच्यापायी दोन पॅक क्रीम, एक अख्खा अननस, एक हापूस आणि रूममेटचा माझ्यावरचा विश्वास एवढं सगळं खर्ची पडलंय. तेव्हा आधी माझा पचका ऐका, मग साहित्य लिहून घ्या.

पचका नंबर एक

मागच्या महिन्यात रूममेटचा वाढदिवस होता. केक काय, सगळेच आणतात, आपण काहीतरी हटके करू म्हटलं. आदल्या रात्री अननसाचे मस्त छोटे तुकडे केले. टेट्रापॅकमधलं क्रीम घेतलं आणि फेटायला बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, हात भरून आले. क्रीम आपलं होतं तसंच पातळ! शेवटी वैतागून दुसरा पॅक फोडला, तोही तसाच. मग साखर घातली, काचेच्या बोलमध्ये थर लावले आणि फ्रीजमध्ये ढकलून दिलं. रात्रभरात घट्ट होईल, ही भाबडी आशा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा जणांसमोर ऐटीत झाकण काढलं. खाली पाणी सुटलेलं, वर क्रीमच्या गुठळ्या. आणि चव? कारल्याची धाकटी बहीण! एकानं तर ‘यात मेथी घातलीयस का?’ असं अगदी मनापासून विचारलं.

साहजिकच मी क्रीमला शिव्या घातल्या. पण क्रीम बिचारं निर्दोष होतं. नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं, की कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. प्रोटीन दिसलं की त्याचे तुकडे पाडायचे, एवढंच त्याला ठाऊक. खूप अननस खाल्ला की जीभ चुरचुरते ना, त्यात याचाही हात असतो. दूध, क्रीम, दही यांच्यात ताजा अननस घालून ठेवला, की हे साहेब त्यातल्या प्रोटीनवर काम सुरू करतात आणि जे काही तयार होतं ते कडू लागतं. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली सेट होत नाही, तीही याच कारणामुळे.

यावर उपाय सोपा आहे. उष्णता! ७० अंशांच्या वर नीट तापलं, की ब्रोमेलेनचा खेळ खल्लास. केकच्या दुकानातली पाइनॅपल पेस्ट्री कडू का होत नाही? कारण त्यातला अननस टिनमधला असतो, आणि टिनमध्ये भरताना तो तापवलेला असतो. म्हणजे अननस तव्यावर भाजणं ही नुसती स्टाइल नाही बरं का, त्यामागे चक्क केमिस्ट्री आहे.

आणि ते न फुगणारं क्रीम? ती चूकही माझीच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. फेटून फुगायला किमान ३० टक्के तरी लागतं. पॅकवर लिहिलेलं असतं सगळं, पण वाचतो कोण! आपण फक्त एक्स्पायरी डेट वाचतो, तीही घरी आल्यावर. माझा तोडगा असा, की क्रीम फुगवायच्या भानगडीत पडायचंच नाही. डेअरीतून चक्का आणायचा आणि गार क्रीम त्यात कालवायचं. काही न फुगवता मस्त दाट होतं. आम्रखंडाचा शहरात शिकायला आलेला मावसभाऊच म्हणा ना.

पाहुणा कोण, तर बाबा

चुका कळल्या होत्या, आता परीक्षा द्यायची होती. आणि परीक्षकही तसाच येणार होता. माझे बाबा.

बाबा देवगडजवळच्या आमच्या गावी एकटेच राहतात. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. रोज रात्री नऊला फोन होतो. ‘जेवलात?’ ‘जेवलो गो, मस्त जेवलो.’ ‘काय केलंत?’ ‘होतं काय काय.’ हा ‘काय काय’ नावाचा पदार्थ नेमका कोणता, ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. सकाळी पेज आणि लोणचं, रात्री लोणचं आणि पेज.

त्यामुळे बाबा चार दिवस पुण्याला येतायत म्हटल्यावर मी प्लॅन आखला. ऑफिसात शिकलेलं कधीतरी घरीही वापरावं ना! मी चक्क प्रेझेंटेशन तयार केलं. मुद्दा एक, पुण्याची हवा. मुद्दा दोन, जवळचा दवाखाना. मुद्दा तीन, कोपऱ्यावरची बाग आणि तिथला सीनियर लोकांचा कट्टा. मुद्दा चार, गावचं घर बंद ठेवून माझ्याकडे कायमचं राहायला या. आणि मुद्दा चारच्या आधी तोंड गोड करायला हे डेझर्ट. स्पष्ट सांगायचं तर लाच.

शनिवारी पहाटे स्वारगेटला एसटीतून बाबा उतरले ते हापूसची पेटी खांद्यावर घेऊनच. रिक्षात मी पाहिलं, पट्ट्याला एक नवीन भोक पाडलेलं होतं. खिळ्यानं पाडलेलं, जरासं वाकडं. मी काही बोलले नाही. प्रेझेंटेशन रात्री होतं.

अननसाची परीक्षा

सकाळी आम्ही मंडईत गेलो. आंब्यातलं बाबांना सगळंच कळतं, पण अननसातही कळतं हे मला नवीन होतं. त्यांनी चार अननस उचलून परत ठेवले. प्रत्येकाचं बूड नाकाला लावलं. ‘बुडाला वास हवा. वास नाही तर गोडी नाही. आणि आकाराच्या मानानं जड हवा.’

‘घरी ठेवला तर पिकेल की दोन दिवसांत,’ मी म्हटलं.

‘तो काय आंबा आहे? आंबा अढीत पिकतो. हा झाडावरून उतरवला की संपलं. रंग बदलेल, मऊ पडेल, गोड व्हायचा नाही.’

खरंय ते. आंबा, केळं, चिकू ही काढल्यावर पिकणारी फळं. अननस, द्राक्षं, संत्री काढल्यावर गोड होत नाहीत. तेव्हा हिरवागार अननस घेऊन ‘होईल की’ म्हणत फ्रीजवर ठेवू नका. तो होणार नाही.

जाता जाता एक गंमत. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १४९३ मध्ये कोलंबसला तो ग्वादेलूप बेटावर भेटला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. ‘अननस’ हा शब्दही त्यांच्याबरोबरच आला, आणि त्यांनी तो ब्राझीलमधल्या मूळ रहिवाशांकडून उचलला होता. हापूसचं नावही पोर्तुगीजच, अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलेलं. म्हणजे आमच्या बोलमध्ये भेटलेले दोघेही जुने ओळखीचे निघाले. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘नाव कुणाचं का असेना, कलमं आमची आहेत.’ २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला जीआय टॅग मिळाला तेव्हा बाबांनी गावात पेढे वाटले होते, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही.

पचका नंबर दोन

रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड असं साधं जेवण झालं. बाबा थोडंसंच जेवले. मी तुळशीबागेतून आणलेला बिडाचा तवा गॅसवर चढवला. अननसाच्या चकत्या तयार होत्या. आणि मग माझ्यातली मॉडर्न शेफ जागी झाली. एका फॉरेन मॅगझिनमध्ये मी आंब्याचे भाजलेले काप पाहिले होते, वर काळ्या रेघा वगैरे. मी पेटीतला एक हापूस सोलायला घेतला.

‘हे काय करतेस?’

‘भाजणार.’

बाबा खुर्चीतून उठलेच. ‘हापूस भाजायचा? गो, झाडानं वर्षभर राबून तो पिकवलाय, आणि तू त्याला तव्यावर घालणार? भाजायची ती कैरी, निखाऱ्यात, पन्ह्यासाठी. पिकला आंबा भाजायचाच असेल तर तोतापुरी आण, ती घट्ट असते, टिकेल तरी.’

मी ऐकलं नाही. आमच्या पिढीला स्वतः ट्राय केल्याशिवाय पटत नाही ना! काप तव्यावर टाकला. हापूसला रेषा नसतात, म्हणून तर तो आपला लाडका. पण धरून ठेवायला आत काहीच नसल्यामुळे अर्ध्या मिनिटात त्याची खळ झाली आणि तव्याला चिकटून बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गॅसकडे पाहिलं. मग त्यांनी चमच्यानं ते सगळं खरवडून तोंडात टाकलं.

‘जाम बरा झालाय,’ म्हणाले, आणि बाह्या सारल्या. ‘सर बाजूला.’

तवा पुसून पुन्हा तापवला. तूप लावलेली पहिली चकती त्यावर पडली आणि असा काही आवाज आला, की शेजारचा फ्लॅटही ऐकत असणार. मी म्हटलं, ‘बाबा, हलवू नका हं. सारखी हलवली तर रंग येत नाही.’

‘हलवत नाही. ऐकतोय.’

भाजताना ऐकायचं असतं, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. फळातलं पाणी आहे तोवर आवाज ओला असतो, चुरचुर. पाणी उडत गेलं की आवाज कोरडा होतो, बारीक. तेव्हा उलटायचं. मागचं शास्त्र सोपं आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही. फळातली साखर तांबूस व्हायला त्याच्या वर जावं लागतं. म्हणून चकत्या आधी टिपून कोरड्या करायच्या. बाबांना यातलं काही सांगायची गरज पडली नाही.

‘एवढं येतं तर घरी का करत नाही काही?’ मी विचारलं. प्रेझेंटेशनमध्ये हा प्रश्न नव्हता.

बाबांनी चिमट्यानं चकती उचलून खालची बाजू बघितली आणि पुन्हा ठेवली.

‘तवा आहे की. धुऊन भिंतीला टेकून ठेवलाय, ती ठेवायची तिथंच. पस्तीस वर्षं तिनं मला त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. हात भाजाल, म्हणायची. आता एका माणसासाठी तो तापवायचा म्हणजे...’

पुढचं बोलले नाहीत. चकती उलटली. एका बाजूनं जरा जास्तच काळी झाली होती.

‘ही माझी,’ ते म्हणाले.

आम्ही बाल्कनीत बसून खाल्लं. गरम अननस, वर गार क्रीम, जिभेवर दोन्ही एकदम. मिरपुडीचा किंचित झटका. बाबांनी दोन वेळा घेतलं आणि बोल बोटानं पुसून चाटला. दोन वर्षांत त्यांना असं खाताना मी पाहिलं नव्हतं. लॅपटॉप आत बॅगेतच होता. मुद्दा चार काढायचा राहूनच गेला. काढला असता तर काय म्हणाले असते, ते मला त्या तव्यानं आधीच सांगितलं होतं. त्यांना माझ्याकडे आणून मी त्यांना जेवू घातलं असतं, यात शंका नाही. पण त्यांचा तवा तिथं भिंतीला टेकूनच राहिला असता.

असो. लिहून घ्या.

साहित्य (चौघांसाठी)

मध्यम आकाराचा पिकलेला अननस १, साजूक तूप २ चमचे, पिठीसाखर किंवा गुळाची पावडर २ चमचे, ताजी मिरपूड आणि मीठ चिमूटभर, अर्ध्या लिंबाचा रस.

क्रीमसाठी : पिकलेला हापूस १, चक्का १५० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, पिठीसाखर १ मोठा चमचा (आंबा गोड असेल तर कमी), वेलची किंवा जायफळ पूड चिमूटभर.

कृती

१. क्रीमचा पॅक आणि एक स्टीलचं भांडं पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवायचं नाही, फक्त गार करायचं.

२. आंब्याचा रस काढा. गार भांड्यात चक्का घेऊन चमच्यानं गुठळ्या मोडा, साखर आणि वेलची मिसळा. मग रस, मग क्रीम, थोडं थोडं घालत कालवा. मिक्सर अजिबात नको, पातळ होईल. भांडं परत फ्रीजमध्ये.

३. अननस सोलून डोळे काढा, दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा, मधला कडक दांडा काढून टाका. टिश्यूनं दोन्ही बाजू नीट टिपा. ही पायरी गाळलीत तर अननस भाजणार नाही, उकडेल.

४. बिडाचा तवा मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे. नॉनस्टिक असेल तर रिकामा असताना एवढा तापवू नका, मध्यम आचेवर करा आणि दोन मिनिटं जास्त द्या.

५. चकत्यांना तूप लावून तव्यावर ठेवा. गर्दी करू नका, एका वेळी तीन-चार पुरे. प्रत्येक बाजू तीन मिनिटं. साखर सुरुवातीला टाकायची नाही, जळून कडू होते. शेवटच्या मिनिटाला भुरभुरवा आणि एकदा उलटा.

६. उतरवल्यावर लिंबाचा रस, मीठ, मिरपूड. मीठ नको म्हणू नका, गोडी त्यानंच उठते.

७. बोलमध्ये गरम चकती, वर दोन चमचे गार क्रीम, आणि लगेच खायला बसा. चकतीच्या मधोमध उष्णता नीट पोचली नसेल तर थोडं ब्रोमेलेन शिल्लक राहू शकतं. तेव्हा क्रीम घालून फ्रीजमध्ये ठेवायची चूक करू नका. ती मी तुमच्या वतीनं करून ठेवलीय.

आणि हो, आंबट फळ लोखंडावर फार वेळ राहू देऊ नका. झाल्या झाल्या तवा धुवा, पुसा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा.

ता. क.

हे लिहून झालं आणि बुधवारी दुपारी दीड वाजता, ऐन लंच अवरमध्ये, बाबांचा फोन. नऊच्या आधी त्यांचा फोन कधीच येत नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

‘काय झालं, बाबा?’

‘काय व्हायचंय? तव्यावर केळी चालतील काय गो?’

‘चालतील. पण मऊ असतात, दीड मिनिट बस्स. तूप लावा. आणि तवा नीट तापू द्या आधी.’

‘तापलेलाच आहे. दोन घावन काढले आत्ताच. पहिला फाटला.’

‘आणि क्रीम?’

‘कसलं क्रीम? काकूंनी साय दिलीय वाटीभर, त्यांची म्हैस व्यालीय.’ मागून तोच आवाज येत होता, चुरचुर, ओला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो बारीक झाला.

‘ठेव गो फोन,’ बाबा म्हणाले. ‘करपेल.’